जखमी जवान, खेळ आणि दुकानाची पायरी

१९७२ च्या ऑगस्ट महिन्यात पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग या विद्यापीठाच्या गावी अपंग खेळाडूंची जागतिक स्पर्धा भरली होती. तिलाच आज पॅरालिम्पिक म्हणतात. तेथे पन्नास मीटर मुक्तशैली जलतरणाच्या शर्यतीत भारतीय सैन्यातील एका जखमी जवानाने ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदविली. हा जागतिक विक्रम होता. ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक अशा दोन्ही क्रीडा मिळून भारताला वैयक्तिक प्रकारात लाभलेले हे पहिले सुवर्णपदक. अभिनव बिंद्रा यांच्या ज्या सुवर्णपदकाने देश आनंदला, ते त्यानंतर छत्तीस वर्षांनी, २००८ साली आले.

हिशेबाची सवय असलेल्या वाचकाने येथे एक छोटा भागाकार करून पाहावा. पन्नासला ३७.३३ ने भागले असता सेकंदाला सुमारे एक मीटर चौतीस सेंटिमीटर हा वेग येतो, म्हणजे तासाला पावणेपाच किलोमीटरच्या किंचित वर. धडधाकट माणूस सकाळी बाजारपेठेतून दुकान उघडावयास निघतो, तेव्हा साधारण याच वेगाने चालतो. ज्याच्या कमरेखालच्या भागाची शक्ती बंदुकीच्या गोळीने हिरावून घेतली होती, तो मनुष्य केवळ दोन बाहूंच्या बळावर, पाण्यातून, इतरांच्या चालण्याच्या वेगाने गेला होता.

या जवानाचे नाव मुरलीकांत राजाराम पेटकर. पुणे-बंगळूर महामार्गावरून सांगलीकडे वळताना पेठनाका लागतो. त्या पेठ-इस्लामपूर परिसरात १ नोव्हेंबर १९४४ रोजी त्यांचा जन्म झाला. त्या काळी वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा करण्यात आला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे पेटकर सातारचे की सांगलीचे, हा वाद कोणी घातल्यास दोन्ही पक्ष खरे ठरतात. सैन्याची ओढ ही तर दोन्ही जिल्ह्यांची समाईक मिळकत.

सैन्यात पेटकर यांची भरती इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल इंजिनिअर्स या दलात झाली. हाताखाली यंत्रे होती आणि हातात मुष्टियुद्धाचे मोजे होते. मुष्टियोद्धा म्हणून त्यांनी सैन्यात नाव मिळविले होते. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि त्यांपैकी एक पाठीच्या कण्यापाशी रुतून बसली. कमरेखालचे अंग लुळे पडले. मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचार चालू असता त्यांना पोहण्याचा सल्ला देण्यात आला. हा सल्ला पदकासाठी नव्हता, उपचाराचाच एक भाग म्हणून तो दिला गेला होता. पुढील सर्व गोष्ट समजून घ्यावयाची तर हा मुद्दा प्रथम ध्यानात ठेवावा लागतो.

वाळवा तालुक्यातील मुले पोहणे विहिरीत शिकत आली आहेत. कमरेला पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा किंवा रिकामा डबा बांधावयाचा, वडीलधाऱ्याने काठावरून लोटून द्यावयाचे आणि पोराने जीव घेऊन हातपाय मारावयाचे, ही ती शाळा. तेथे पाय मारणे हा पहिला धडा. मज्जारज्जूस इजा झालेल्या मनुष्यास नेमके तेच करता येत नाही. त्याचे पाय पाण्यात खाली ओढले जातात, कंबर बुडू लागते आणि शरीर तिरके झाल्याने पाण्याचा अडथळा वाढतो. पुढे ढकलणारे पाय मागे ओढणारे ओझे होतात. मान किती उचलावी, श्वास कोणत्या क्षणी घ्यावा, हाताचा पंजा पाण्यात कोणत्या कोनाने शिरावा, हे सर्व त्यास नव्याने शिकावे लागते.

मग पाणीच का? कारण पाणी वजन उचलते. छातीइतक्या पाण्यात मनुष्याचे वजन जमिनीवरील वजनाच्या साधारण एक-तृतीयांश भासते, गळ्याइतक्या पाण्यात तर त्याहून पुष्कळ कमी. जमिनीवर ज्यास कुशीवर वळविण्यासाठी दोन माणसे लागतात, तो पाण्यात एकटा वळतो. महिनोन् महिने दुसऱ्याच्या हातांनी हलविल्या गेलेल्या देहास आपल्या इच्छेने हालचाल करण्याचा अनुभव तेथे प्रथम परत मिळतो. छाती आणि श्वास यांचा व्यायाम होतो तो वेगळाच. खांदे आणि दंड बळावतात, आणि पाय गेलेल्या मनुष्याचे पुढील सारे आयुष्य खांद्यांवरच चालावयाचे असते. खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून न्हाणीघरात, तेथून परत खुर्चीवर, असे दिवसातून कितीतरी वेळा त्यास आपला संपूर्ण देह हातांवर तोलावा लागतो. याखेरीज बसल्या जागी दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांच्या रेट्याने अंग उचलून धरावे लागते, नाहीतर कातडीवर सतत दाब पडून जखम होते, आणि ती झाल्याचे त्यास कळतही नाही. तलावाचा खरबरीत काठसुद्धा त्यास इजा करू शकतो. म्हणून या उपचारात धाडसापेक्षा दक्षतेस अधिक स्थान आहे.

या विचाराचा उगम इंग्लंडमधील एका रुग्णालयात आहे. लुडविग गुटमन हे जर्मनीतील ज्यू कुळात जन्मलेले मज्जासंस्थेचे तज्ज्ञ. हिटलरच्या राजवटीत त्यांना देश सोडावा लागला आणि १९३९ साली ते कुटुंबासह इंग्लंडला पोहोचले. १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथे पाठीच्या कण्यास इजा झालेल्या सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग उघडून त्याची सूत्रे त्यांच्याकडे देण्यात आली. तोपर्यंत अशा रुग्णाविषयी वैद्यकशास्त्राचे मत निराशेचेच होते. पहिल्या महायुद्धात ही इजा झालेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के दगावले, आणि बहुतेकांच्या मृत्यूचे कारण मूळ जखम नसून शय्याव्रण आणि लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग हे होते. गुटमन यांनी प्रत्येक रुग्णास दिवसा आणि रात्रीही दर दोन तासांनी कुशीवर वळविण्याचा दंडक घातला. रात्री-अपरात्री ते स्वतः फेरी मारून तो पाळला जातो की नाही हे पाहत. अशा साध्या, कंटाळवाण्या, अखंड चालणाऱ्या शिस्तीने रुग्ण जगू लागले.

जगू लागल्यावर दुसरा प्रश्न पुढे आला, तो म्हणजे जगून करावयाचे काय. विशी-पंचविशीतील तरुण छताकडे पाहत पडून होते. गुटमन यांनी प्रथम सुतारकाम, घड्याळदुरुस्ती अशी कामे आणली आणि त्यांच्या जोडीला खेळ. धनुर्विद्येवर त्यांचा विशेष भर होता. धनुष्य खेचताना पाठीचे व खांद्यांचे स्नायू बळावतात, बसल्या बसल्या तोल सांभाळण्याचे शिक्षण मिळते आणि महत्त्वाचे म्हणजे या खेळात खुर्चीवर बसलेला मनुष्य उभ्या मनुष्याशी बरोबरीने सामना करू शकतो. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिम्पिकचे उद्घाटन होत होते. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर सोळा जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. त्यांपैकी दोन स्त्रिया होत्या. चार वर्षांनी हॉलंडचे खेळाडू येऊन मिळाले, १९६० साली रोममध्ये ही स्पर्धा भरली आणि बारा वर्षांनी हायडेलबर्ग येथे. ज्या देशातून गुटमन यांना जीव वाचवून निघावे लागले, त्याच देशात त्यांनी लावलेले हे रोप वाढून पोहोचले होते.

आपल्या रुग्णांना करदाते बनविणे हे आपले ध्येय आहे, असे गुटमन म्हणत असल्याचे सांगितले जाते. व्यापारी वाचकास या वाक्याचे हसू येईल, कारण करदाता होण्याची हौस सहसा कोणास नसते. परंतु ज्यास घरचे, शासन आणि समाज केवळ खर्चाच्या बाजूस मांडतात, त्यास जमेच्या बाजूस आपले नाव दिसणे ही केवढी गोष्ट आहे, हे खातेवही लिहिणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. खेळाचे खरे कार्य येथे दिसते. जखमी मनुष्याच्या आयुष्यात प्रथम जे येते ते सर्व वजाबाकीचे असते. हे जमणार नाही, ते आता विसरा, तेथे जाता येणार नाही. खेळात मात्र आकडा वाढतो किंवा सुधारतो. काल पोहून पार केलेले अंतर दहा मीटर होते, आज बारा झाले. मागील महिन्यात गोळा पाच मीटरवर पडला, या महिन्यात साडेपाचवर. डॉक्टरांनी धीर देणे, आईने पाठीवरून हात फिरविणे यांचे मोल मोठे आहेच, परंतु मोजपट्टी कोणाचे मन राखण्यासाठी खोटे बोलत नाही, म्हणून जखमी मनुष्य तिच्यावर विश्वास ठेवतो.

पेटकर यांच्या बाबतीत हा आकडा पायरीपायरीने वाढत गेला. १९६८ साली तेल अवीव येथील पॅरालिम्पिकमध्ये भारताने प्रथमच भाग घेतला, तेव्हा ते टेबल टेनिस खेळले. १९७० साली एडिंबरो येथे राष्ट्रकुलातील अपंग खेळाडूंच्या स्पर्धेत त्यांनी पन्नास मीटर जलतरणात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य अशी तीन पदके मिळविली. हायडेलबर्गचा विक्रम त्यानंतरचा. गोळी लागली त्या दिवसापासून तेथवर सात वर्षे गेली होती. चित्रपटात ही सात वर्षे एखाद्या गाण्यात निघून जातात. २०२४ साली पेटकर यांच्या जीवनावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आला, तो पुष्कळांनी पाहिला असेल. त्याने एका विस्मृतीत गेलेल्या मनुष्याचे नाव घराघरांत नेले, हे त्याचे उपकार मानावेत. मात्र अशा कथांत एक धोका असतो. ज्यास पदक मिळाले नाही, ज्याचे दुखणे अधिक अवघड जागी आहे, ज्यास तलाव आणि शिकविणारा दोन्ही लाभले नाहीत, त्याच्या घरची मंडळी त्यासच बोल लावू लागतात की, बघ, जिद्द असली म्हणजे सर्व होते. जिद्द लागतेच. पण पेटकर यांच्या जिद्दीस रुग्णालय, प्रशिक्षक, विमानाचे तिकीट आणि पुढे नोकरी यांचा आधार मिळाला होता, ही बाजू सांगताना कोणी फारसा वेळ घेत नाही.

हा आधार ज्यांनी दिला त्यांत विजय मर्चंट यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. मर्चंट हे कसोटी क्रिकेटपटू. प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील सरासरीत ब्रॅडमन यांच्या खालोखाल त्यांचे नाव येते. ते मुंबईच्या कापड गिरणीमालक घराण्यातील होते, म्हणजे व्यापारउदीम त्यांच्या घरचाच. निवृत्तीनंतर त्यांनी अपंगांच्या पुनर्वसनाचे कार्य हाती घेतले आणि पेटकर यांच्या परदेश प्रवासाच्या खर्चाचा भार त्यांच्या संस्थेने उचलला. दुसरा आधार पुण्यातील टेल्को कंपनीचा. युद्धात जखमी झालेल्यांना आर्थिक साहाय्य देऊ करण्यात आले, तेव्हा आपण मदतीऐवजी काम मागितले, असे पेटकर यांनी सांगितले आहे. ते त्यांना मिळाले आणि नोकरीच्या पगारावर त्यांचा संसार उभा राहिला. पदकावर संसार चालत नसतो.

आता सातारा जिल्ह्याकडे वळावे. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्यास अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात, कारण येथील घराघरांतून पिढ्यान् पिढ्या सैन्यात भरती होत आली आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे सेहेचाळीस वीर कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे. अशी स्मारके पाहताना एक गोष्ट जाणवते. शिलालेखावर नावे असतात ती परत न आलेल्यांची, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक युद्धात परत न आलेल्यांहून जखमी होऊन परत आलेले अधिक असतात. एक पाय गेलेला, एक डोळा गेलेला, कंबर मोडलेला असा मनुष्य गावच्या एसटीतून उतरतो, पहिले आठ दिवस सत्कार होतात, नारळ फुटतात, आणि नवव्या दिवसापासून तो घराच्या ओट्यावर बसून राहतो. त्याचे नाव कोठे कोरले जात नाही.

त्यांच्यासाठी काहीच झाले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल, आणि या व्यवस्थेचे मोठे केंद्र सातारा-सांगलीहून काही तासांच्या अंतरावर पुण्यातच आहे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना व्यवसाय शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी संस्था निघाली. ती पुढे खडकी येथे आली आणि आजही चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. पाठीच्या कण्यास इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ साली खडकी येथे पुनर्वसन केंद्र स्थापन झाले. तेथील रहिवासी व्हीलचेअरवरून बास्केटबॉल खेळतात. हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा अवश्य पाहावा. त्यासाठीच्या खुर्चीची चाके वरच्या बाजूस आत झुकलेली आणि खाली बाहेर पसरलेली असतात, त्यामुळे ती एका जागी गर्रकन वळते आणि सहसा उलटत नाही. खुर्च्या एकमेकींवर धाडधाड आदळतात, खेळाडू एकमेकांवर ओरडतात आणि पाहणाऱ्याच्या मनात दया घेऊन आलेला भाव पाच मिनिटांत विरून जातो. कोण जिंकतो याचीच उत्सुकता उरते.

खडकीच्याच बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या केंद्रात २०१७ साली सैन्याने अपंग जवानांच्या क्रीडा प्रशिक्षणाचा स्वतंत्र विभाग उघडला. होकाटो सेमा यांचे उदाहरण याच परंपरेतील आहे. हे नागालँडमधील दिमापूरचे, आसाम रेजिमेंटचे हवालदार. २००२ साली काश्मीरमध्ये सुरुंगाच्या स्फोटात त्यांनी डावा पाय गुडघ्याखाली गमावला. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांचे अंगबळ पाहून त्यांना गोळाफेकीकडे वळविले, ते २०१६ साली. तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये चाळिसाव्या वर्षी त्यांनी १४.६५ मीटर गोळा फेकून कांस्यपदक मिळविले. त्यांच्या गटात बसून फेक करावयाची असते. जमिनीस जखडलेल्या आसनावर पट्ट्यांनी अंग बांधून घेतात आणि आसनावरून अंग उचलले गेल्यास फेक बाद होते. म्हणजे उभा खेळाडू ज्या पायांच्या रेट्याने गोळा ढकलतो, तो रेटा येथे नाहीच. पोट, पाठ, खांदा आणि दंड यांवरच सारे. पदकाहूनही अधिक विचार करावयास लावणारा आकडा आहे तो २००२ आणि २०१६ यांमधील अंतराचा. चौदा वर्षे. हे बळ त्यांच्या अंगी चौदा वर्षे होतेच, ते मोजणारा कोणी नव्हता.

जैन व्यापारी समाजास अपंग साहाय्य हा विषय नवा नाही. जयपूर फूट हे नाव ठाऊक नाही असे घर विरळा. १९६८ च्या सुमारास जयपूर येथे रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी हा पाय घडविला, आणि १९७५ साली डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो देशोदेशींच्या गरजूंपर्यंत विनामूल्य नेला. या पायाची खुबी अशी की, तो भारतीय राहणीचा विचार करून केला आहे. परदेशी पायास बूट लागे, गुडघे मोडून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे. जयपूर फूट घातलेला मनुष्य शेतातील चिखलात उतरतो, पंगतीस मांडी घालून बसतो आणि मंदिरात अनवाणी जातो. कारागिराने गिऱ्हाइकाची गरज ओळखून माल तयार केला, असे व्यापाराच्या भाषेत म्हणता येईल.

गावोगावच्या शिबिरांत या पायासाठी, कुबड्यांसाठी, व्हीलचेअरसाठी देणगी देणारी कितीतरी कुटुंबे सातारा-सांगलीत आहेत. देणगी दिली, छायाचित्र निघाले, पावती मिळाली. येथवर हिशेब पूर्ण झाला असे देणाऱ्यास वाटते आणि त्यात त्याचा दोष नाही. परंतु पाय बसविलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी त्या पायाने कोठे जाणार, ही नोंद शिबिराच्या वहीत नसते. घरापासून तलावापर्यंत नेणारे वाहन नसते. तलावात उतरण्यास शिडीच तेवढी असते, उतार नसतो. व्यायामशाळा पहिल्या मजल्यावर असते. ज्या व्हीलचेअर वाटल्या जातात त्या बहुधा एकाच मापाच्या. रुंद खुर्चीत किरकोळ अंगाचा मनुष्य एका बाजूस कलतो, कणा अधिक वाकतो, आणि वर्षभरात खुर्ची माळ्यावर जाते. चप्पल माप पाहून घेणारे आपण खुर्ची डोळे मिटून देतो. दहा खुर्च्या वाटण्यापेक्षा चार मापाने करून देणे अधिक हिताचे, हा मुद्दा देणगीदारांच्या बैठकीत कोणीतरी एकदा काढावयास हवा. छायाचित्रात दहा अधिक शोभतात, ही अडचण आहे खरी.

सांगली जिल्ह्याने पॅरिसमध्येही एक पदक मिळविले. आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ साली गोळाफेकीत १६.३२ मीटरची फेक करून रौप्यपदक जिंकले. ते सैनिक नव्हेत. शाळकरी वयात सायकलच्या अपघातात त्यांच्या डाव्या हातास इजा झाली, ती भरून निघाली नाही. जखमी सैनिकांच्या उपचारातून निघालेली ही वाट करगणीच्या शेतकरी कुटुंबातील मुलापर्यंत येऊन पोहोचली आहे. पेटकर आणि खिलारी यांच्या पदकांमध्ये बावन्न वर्षांचे अंतर आहे. या काळात शासनाची दृष्टीही पालटली, परंतु सावकाश. १९८२ साली पेटकर यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला होता, तो नाकारण्यात आला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अर्जुन पुरस्कार मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. व्याजासह परतफेड झाली असे येथे म्हणता येणार नाही, मुद्दल तेवढे पोहोचले.

राहता राहिला कामाचा प्रश्न, आणि तो सर्वस्वी व्यापाऱ्याच्या आवाक्यातील आहे. आपला धंदा मुळात बसून करावयाचा. पेढीवर गादी असते, गल्ला असतो, वही असते. आता वहीच्या जागी संगणक आला आहे आणि मागणी फोनवरून येते. देयके तयार करणे, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरणे, वसुलीचे फोन करणे, गोदामातील आवक-जावक नोंदविणे, यांपैकी कोणत्याही कामास पाय लागत नाहीत. शिवाय पंधरा-वीस वर्षे सैन्यात राहिलेल्या मनुष्याची वेळेची शिस्त आणि मालाची नोंद ठेवण्याची सवय विकत मिळत नसते. तरीही दुकानात असा मनुष्य क्वचितच दिसतो. कारण विचारले तर बहुतेक मालक सद्भावनेने सांगतात की, त्यांना त्रास होईल हो, पायऱ्या आहेत.

पायऱ्या आहेत हे खरे. सांगलीच्या गणपती पेठेत दुकानाचे जोते उंच ठेवावे लागते, कारण कृष्णामाई केव्हा दाराशी येईल याचा नेम नसतो. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेला कोणताही व्यापारी जोते उतरविण्यास तयार होणार नाही आणि होऊही नये. व्हीलचेअर स्वतःच्या हाताने चढवावयाची तर एक फूट उंचीस बारा फूट लांबीचा उतार लागतो, असे याचे माप आहे. म्हणजे दीड फूट जोत्यास अठरा फूट. पेठेच्या रस्त्यावर एवढी जागा कोणाजवळ आहे? साताऱ्याच्या मोती चौकातही नाही. मात्र बहुतेक दुकानांस मागील बाजूस गोदामाचे दार असते. तेथे हळदीची पोती आणि गुळाच्या ढेपा चढविण्यासाठी जाड फळी टाकलेली असते, आणि क्विंटलभर माल लादलेली हातगाडी हमाल त्या फळीवरून दिवसातून पन्नास वेळा आत ढकलतो. मनुष्यासह व्हीलचेअरचे वजन त्याहून कमीच भरते. फळीस दोन्ही बाजूंनी दोन इंचांची पट्टी ठोकली म्हणजे चाक घसरत नाही, मागे एक माणूस असला म्हणजे लांबीही पुष्कळ कमी चालते, आणि दाराची रुंदी तीन फूट असल्यास खुर्ची न घासता आत जाते. तीन फुटांस एखादा इंच कमी भरत असेल तर बहुधा चौकटीवर लावलेली जुनी कडी काढावी लागते.